अंधाराची सोय

मखमलाबाद रोडच्या नर्सरीत काकडांनी
काळ्या पिशवीतलं रोप हातावर ठेवलं.
"शेवंतीच, पण बुटकी. गुडघ्याच्या वर जायची नाही.
लाल येते. उशिरा येते मात्र,
घाई असेल तर पिवळी न्या, बाई."

घाई कसली.
अठ्ठावीस वर्षं अंबडला स्विचगिअरच्या लाईनवर
स्क्रू आवळले. आता उजवं मनगट सोडलं
तर काहीच अडलेलं नाही.

सिडकोचं घर, दारापुढे दोन पावलं माती,
तीही निम्मी विटांचे तुकडे.
ते वेचले, शेणखत कालवलं, मूठभर निंबोळी पेंड,
आणि लावलं, जिथे सकाळचं ऊन
उपासनींच्या टाकीवरून घसरत येतं.

आषाढात शेंडा खुडायचा, श्रावणात पुन्हा.
पहिल्यांदा हात धजेना.
मग नखाला तो हिरवा कडवट वास लागला
आणि खुडल्या जागी दोन फुटले.
दोनाचे चार.
गणपती गेले तोवर अंगणात
कुणी टोपली पालथी घालून ठेवावी तसं, गच्च.

दसऱ्याला त्रिमूर्ती चौकात पिवळीचे ढीग.
दिवाळीत उपासनींच्या कुंडीत पांढरी.
माझ्याकडे पानं.
माव्यासाठी साबणाचं पाणी झालं,
मुळाशी राख झाली.
"नर असेल," उपासनी वहिनी म्हणाल्या,
आणि पपईबद्दल बोलावं तशा
आम्ही दोघी खूप हसलो.

शेवटी फोन केला. काकडांनी एकच विचारलं,
"रात्री उजेड पडतो का तिच्यावर?"

पडतो की. दारातच खांब.
चैत्रात पालिकेनं पिवळा दिवा काढून पांढरा लावला,
इतका लख्ख की अंगणात तांदूळ निवडावेत.

"तिला रात्र लांब लागते. आणि सलग.
मधे उजेड पडला
की ती पहिल्यापासून मोजायला लागते."

फोन ठेवून मी ओट्याशी उभी राहिले.
माझी दुसरी पाळी, ह्यांची तिसरी.
मी साडेदहाला यायचे, हे अकराला निघायचे,
चपला दारातच एकमेकींना ओलांडायच्या.
पुढच्या आठवड्यात पहिली, म्हणजे साडेचारला स्टोव्ह.
एका खोलीत दिवा विझणार कधी?
केतकी ओढणी तोंडावर घेऊन झोपायची.
आम्हाला वाटायचं, डासांमुळे.

ह्यांनी जुन्या मच्छरदाणीच्या काठ्यांचा सांगाडा केला,
वर गोणपाट, दुहेरी.
संध्याकाळी सहाला हे झाकतात,
सकाळी सातला मी काढते.
पुन्हा पाळ्या लागल्या घरात.
गल्लीतली पोरं विचारायची, आत काय आहे?
हे सांगायचे, झोपलंय.

कार्तिक असा गेला. मार्गशीर्षात
पानांच्या बेचक्यात हरभऱ्याएवढं काहीतरी,
मी चष्मा पुसून पाहिलं, कुणाला बोलले नाही.

पौषात, निफाडचा पारा पेपरात छापून आला त्या सकाळी,
गोणपाट दवानं ताठ झालेलं,
उचललं.

लाईनवर एक बटण असायचं, तळहाताएवढं, गोल.
दाबलं की सगळं थांबतं.
अठ्ठावीस वर्षांत मी ते कधी दाबलं नाही,
नुसतं समोर असायचं, आठ तास.
तोच लाल.
मोजून एकतीस, एकमेकींना खेटून, बुटक्या,
आणि कुठला सण नाही, काही नाही.

मी हात ठेवला. गार होती.

संक्रांतीपर्यंत टिकली. मग काकडांच्या सांगण्यावरून
जमिनीलगत छाटली. वाईट वाटलं थोडं,
पण बुडाशी पिल्लं दिसत होती, पाच-सहा,
पुढच्या वर्षीची.

केतकी पुण्याहून म्हणाली, मला एक दे ना.
बाल्कनी आहे, ऊन आहे, पाणी आहे.
मी विचारलं, आणि अंधार?

ती थांबली. मागे कुणाचा तरी लॅपटॉप वाजला.
"बघते," म्हणाली.