बावीसशे

मोरेवाडीच्या उतारावर अर्धा गुंठा,
दीड खोली, वर पत्रे, पत्र्यांवर दगड.
भिशीचा पहिला नंबर तोटा सोसून उचलला,
पाटल्या बँकेत ठेवल्या,
उरलेले जावेनं दिले, चिठ्ठी न लिहिता.
बशीरभाई मिस्त्री म्हणाले, पुढची खोली तुम्हाला,
मागं चूल, मोरी.
म्हणलं, नाही. पुढची भाड्यानं.
ते हातातल्या विटेकडं बघत राहिले
जणू वीटच बोलली.

तर आम्ही मागं.
नवऱ्यानं पाय लांब केले की गॅसच्या टाकीला लागायचे,
माझं शिलाई मशीन खाटेच्या उशाशी.
पुढं खिडकी, पंखा, शहाबादी फरशी,
जी मी गुडघ्यावर बसून घासली
आणि जिच्यावर एक दुपार आडवी झाले नाही.

पहिल्या भाडेकरू दोघी, नर्सिंगच्या,
एक किनवटची, एक तिकडच्याच कुठल्या तांड्यावरची.
बावीसशे, लाईट वेगळी, डिपॉझिट एक महिन्याचं,
हे आरशासमोर चारदा म्हणून बघितलं होतं.
ऐन वेळी तोंडातून दोन हजारच गेलं.
पावतीवर 'घरमालक' पुढं
नवऱ्यानं लिहिलं, शिवलीला रामलिंग कोरे.
अकरा वर्षं मी त्याच्या खालच्या रेघेवर होते.

चैत्रात बोअर आटला.
टँकर आठव्या दिवशी.
मी दारात उभी, एक, दोन, तीन,
चौथ्या बादलीला ऐकू आलं,
तोंड माझं, गळा मंडी बाजारातल्या मालकिणीचा,
ती जिन्यात बसून अशीच मोजायची
माळ ओढल्यासारखी.
मी तोंड फिरवलं. चौथी सोडली.
पाचवी मात्र मोजली.

परीक्षा झाली, पोरी गेल्या.
खिळ्याला एक रिबन राहिली.
खोली रिकामी असली तरी
बँकेचं व्याज काही सुट्टीवर जात नाही.
बाराव्या रात्री नवरा म्हणाला,
चल, आज तरी पुढं झोपू.
गादी टाकली. पंखा लावला.
खिडकीतून मेडिकलचे दिवे, वारा,
आपल्याच घरात पाहुण्यासारखं
दोघंही कूस न बदलता पडून राहिलो.

पहाटे कडी वाजली.
लॅबमधला एक पोरगा, बायको, कडेवर लेकरू.
खोली आहे का, ताई?
केवढ्याला?

बावीसशे, म्हणलं,
अंथरूण काखेत मारून.