हवेला वाट

अंगठी काढली. करदोटा काढला.
डोक्याला तेल नको, खिशात काडेपेटी नको,
खिसाच नको.
शिवलीला सिस्टरनं मागून नाड्यांचा सुती झगा दिला,
म्हणाली, आत ठिणगी चालत नाही मामा.

मला हसू आलं.
एकतीस वर्षं उद्यमबागेत
ठिणगीवरच तर पोट भरलं.

काचेच्या नळीत सरकवलं मला
बेकरीवाला पाव सरकवतो तसं, हलक्या हातानं.
दार लागलं. चाक आवळलं.
बाहेर बसलिंग, बोट बटणावर,
आवाज मात्र माझ्या उशीपाशी.

हवा भरू लागली की आधी ऊब येते,
मग कानात कुणी कापूस ठासतं.
आवंढा गिळायचा. परत गिळायचा.
चौदा मीटर पाण्याखाली असल्यासारखं, डॉक्टर सांगतात.
मी राकसकोपच्या तलावात
कमरेपर्यंत गेलेला माणूस.

तगोरि, म्हणतो बसलिंग. घ्या.
बिडरि. सोडा.
दीड तास एवढंच काम, पगार नाही.

पडल्या पडल्या साचे आठवतात.
वाळू ठोकून झाली की
तारेनं टोचून भोकं पाडायची, हवेला वाट म्हणून.
वाट राहिली नाही तर ती लोखंडात अडकते,
थंड झाल्यावर पोटात पोकळी,
मालक खडूनं फुली मारतो,
माल परत भट्टीत.
मी किती फुल्या खाल्ल्या हवेपायी.
आता तीच हवा विकत घेऊन
पायात मुरवायची.

रस उडाला तेव्हा कळलंच नाही.
साखरेनं पाय आधीच मुका केला होता.
तुळसाला वास आला चौथ्या दिवशी,
तिला वाटलं उंदीर मेलाय कपाटामागं.

मेहुणा जांबोटीहून मध घेऊन आला,
बाटलीत अजून माशीचा पंख.
मजगावच्या म्हाताऱ्यानं पाला वाटून दिला, हिरवागार,
पैसे घेतले नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली.
डॉक्टरनी दोन्ही हुंगलं.
मध लावायचा झाला तर दवाखान्यातला, म्हणाले,
हा चपातीबरोबरही नको तुम्हाला.
पाला त्यांनी खिडकीत ठेवला,
तिथंच वाळला.

घरचा एकच इलाज चालू आहे.
रोज रात्री तुळसा
माझ्या चांगल्या पायाखाली आरसा धरते,
हजामाचा, कडा फुटलेला,
आणि भेगा वाचते.
लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली,
तळवे तिनं आत्ता बघितले.

करंगळी गेली. सातव्या बैठकीआधीच.
कुठं टाकली, विचारायचं राहिलं.
खरं बाकीच्या पायाचं बरं चाललंय म्हणतात.
मला रंग कळतात.
लोखंड निवताना पांढरं, पिवळं, नारिंगी,
मग लाल, मग काळं, मग त्याच्याकडं कुणी बघत नाही.
माझा पाय उलटा चाललाय.
काळ्याच्या कडेला काल लाल दिसलं,
ओलं, बारीक दाण्यांचं.
डॉक्टरनी कदाचित म्हटलं.
तो शब्द मी घडी घालून फॉर्मच्या पाकिटात ठेवला.

फॉर्म कन्नडमध्ये. बसलिंगनं भरला,
माझं नाव मला विचारून विचारून:
भरमाणी, पुढं काय?
त्याच्या अक्षरात मी गोलगोल दिसतो,
कमी राबलेला.

हवा उतरवताना परत गार होतं,
काच धूसर होते,
आणि तो दरवेळी म्हणतो, सावकाश.
हा शब्द त्याचा की माझा
मी अजून विचारलं नाही.
दोघांच्या तोंडात तो
तेवढाच वेळ घेतो.

वीस झाल्या. दहा उरल्या.
तिसऱ्या गेटाला रिक्षा थांबली,
मालगाडी जाईस्तोवर मी डबे नाही मोजले,
श्वास मोजले.

घरी कामाचे बूट पोत्यात आहेत अजून.
डाव्याच्या वरच्या बाजूला मसुराएवढं भोक,
कडेला कातडं वितळून काच झालेलं.
तुळसा त्यात बोट घालून बघत होती परवा.
काही म्हणाली नाही.