मनगटापर्यंत

शपथ आधी माझी घेतात, मग तिची.
जे ऐकेन तेच बोलेन, पदरचं काही घालणार नाही.
आणि 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही,
'मी' म्हणायचं, असा नियम.

म्हणून आर्कन्सातल्या त्या खोलीत,
कॉफीच्या थर्मासशेजारी,
सहा फुटी मी, इस्त्रीचा शर्ट घातलेला, म्हणतो:
माझं नाव लिमेयो. वय एक्कावन्न.
नऊ वर्षं मी कोंबडीचे पंख छाटते.

मिनिटाला किती?
मोजायला वेळ नसतो, म्हणते मी.
पट्टा थांबत नाही, म्हणते मी.

विमा कंपनीचा वकील बोडेन, माणूस वाईट नाही,
मुलीची मॅच आहे आज, दोनदा घड्याळ बघून झालंय.
इजा नेमकी कोणत्या तारखेला झाली?
फॉर्मवर चौकट आहे. चौकटीत आठ आकडे मावतात.

लिमेयो खिडकीकडे बघते.
मग सांगते, आणि मी सांगतो:
आधी रात्री बोटांना मुंग्या यायच्या.
मग हात पलंगाखाली लोंबता सोडून झोपायला लागले.
मग भाताच्या पातेल्याचं झाकण उचलेना.
मग नातीची वेणी.
नर्सने बर्फ दिला, दोन गोळ्या, परत पट्ट्यावर धाडलं.
असं एकवीसदा.
यातली कुठली लिहू?

'फक्त तारीख सांगा,' बोडेन म्हणतो.
मी तेही तिला सांगतो, तेवढ्याच कोरड्या आवाजात.
आवाजसुद्धा पदरचा घालायचा नसतो.

मग तक्ता निघतो.
अंगठ्याचे आठवडे वेगळे, करंगळीचे वेगळे,
मनगटापर्यंतचे वेगळे, त्याच्या वरचे आणखी वेगळे,
माणूस खाटकाच्या भिंतीवरल्या चित्रासारखा
तुटक रेघांनी आखलेला.
हातावर पोट आहे तिचं,
पण पोटाचे आठवडे किती, ते तक्त्यात नाही.

कॉट्रेलबाई पेन उघडून विचारतात:
दुखणं पंज्यात, की वर, बाहूत?

इथे मी अडतो.
आमच्या बेटांवर दोन्हींना एकच शब्द.
पा.
खांद्यापासून नखापर्यंत सगळा पा.
पक्ष्याच्या पंखालाही तोच.

'आता दुभाषा स्वतः बोलतोय' असं नोंदवून घेतो
आणि तिला विचारतो, कुठे?
ती डाव्या हाताने उजवा उचलते,
टेबलावर ठेवते,
तराजूत मासा ठेवावा तसा.
हा, म्हणते.
हा, म्हणतो मी.

'मनगटापर्यंत,' कॉट्रेलबाई लिहितात.

खालच्या ओळीत आठवडे जास्त होते.
मला दिसत होतं. मला वाचता येतं.

डॉक्टरांचं पत्र वाचलं जातं: चौदा टक्के.
हाताचे चौदा टक्के कायमचे गेले.
तिने विचारलं, मी विचारलं:
उरलेल्या शहाऐंशीने काय धरायचं मी?
प्रश्न नोंदीत आहे.

सही डाव्या हाताने केली तिने,
जीभ दातांत धरून, अक्षर गिरवणाऱ्या पोरीसारखी.

बाहेर जावई गाडी चालू ठेवून थांबलेला.
आज रात्रपाळी त्याची, तोच पट्टा,
तिच्या जागेपासून दोन माणसं पलीकडे.
चांगलं बोललास, ती म्हणाली मला,
आणि फॉइलमध्ये गुंडाळलेला
खोबऱ्यात घोळलेला भाताचा गोळा दिला.
लहान लहान झालेत हल्ली, म्हणाली, नीट वळता येत नाहीत.

घरी बसून बिल केलं:
दोन तास पंधरा मिनिटं, जाण्यायेण्याचं वेगळं.
बायकोने विचारलं, कसा गेला दिवस?

माझा हात मिटत नाही, मी म्हणाले.

तिने झटकन माझे दोन्ही हात ओढून पाहिले.
धडधाकट होते.
बोटांना थोडं खोबरं लागलेलं.