उजवा गाल

सोमवारी पार्लर बंद असतं.
तेव्हा बाबांना मी मोरीजवळच्या स्टुलावर बसवते,
गळ्याभोवती टॉवेल, कपाळाला पट्टी,
आठवडाभर इतरांना बसवते तसंच.
ते म्हणतात, आता काय भुवया कोरतेस?
मी कापूस भिजवते.

पहिला बोळा काळा निघतो.
चुलीच्या काजळीसारखा नाही,
तेलकट, थोडा तांबूस,
त्यात शिवडीच्या गोदीची भुकटी, भिवंडीची धूळ,
आणि पुढच्या ट्रकनं तोंडावर सोडलेलं बरंच काही.
दुसराही काळाच.
तिसरा जरा उजळ,
आणि मग खाली जे दिसायला लागतं
ते पुसून निघण्यातलं नाही.

एकोणतीस वर्षं
सकाळी टेम्पो उत्तरेला निघतो, ऊन उजवीकडून.
माल उतरवून दुपारी दक्षिणेला वळतो
तोवर सूर्यही पलीकडे सरकलेला,
म्हणजे पुन्हा उजवीकडूनच.
काच खाली, कोपर बाहेर,
मुलुंडच्या नाक्यावर तासभर उभं.
बाबांच्या हे लक्षातच आलं नव्हतं.
माझ्याही नाही,
गिऱ्हाइकांचे गाल बघायची सवय लागेपर्यंत.

डावा गाल अठ्ठावन्न वर्षांचा आहे.
उजवा त्यांच्या वडिलांचा.
डोळ्याच्या कडेपासून कानापर्यंत
वाळलेल्या खाजणासारखा तडकलेला,
पाळीवर तपकिरी ठिपके,
आणि मनगटावर घड्याळ काढलं की
एक गोरीपान पट्टी,
लग्नातल्या फोटोतली.

परळच्या ओपीडीत डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या.
बॅटरी मारून म्हणाल्या,
घाबरू नका भिकाजीकाका, वाईट काही नाही, ऊन आहे.
आहे, म्हणाल्या. लागलंय म्हणाल्या नाहीत.
काच चढवली तरी त्यातलं एक ऊन आत येतंच,
ते भाजत नाही, म्हणून कळत नाही.
धूर आणि ते मिळून कातडीखालची वीण उसवतात.
बाबांनी मान डोलावली,
हवालदारानं पावती फाडल्यावर डोलावतात तशी.

आमच्या पार्लरला खिडकी नाही.
दिवसभर ट्यूबलाइट, एसी, गुलाबपाणी.
माझे दोन्ही गाल सारखे.
माझ्या चेहऱ्यावरून
मी कुठून कुठे गेले, कुणाला सांगता येणार नाही.

ट्यूब मी सहाशे चाळीसची आणलीय, स्टाफ डिस्काउंट वजा जाता.
बाबांना किंमत सांगितली नाही.
बोटावर घेऊन उजव्या गालावर फासते
तेव्हा ते डोळे मिटतात,
वास हुंगतात, म्हणतात,
यात खोबरं घातलंय का गं?
नंतर हळूच,
डाव्यालाही थोडं लाव, नाहीतर रुसेल.

आई आतून हसते.
ती नेहमी त्यांच्या डाव्या अंगाला झोपते, भिंतीकडून.
तिला विचारलं होतं मी एकदा,
बाबा किती म्हातारे झालेत, बघितलंस?
ती म्हणाली, कुठे?

मंगळवारी पहाटे टेम्पोची किल्ली घेताना
बाबांनी ट्यूब खिशात टाकली.
संध्याकाळी बघितलं तर झाकण तसंच, सील तेवढंच,
मी उघडलं होतं त्याच्या पलीकडे कणभरही नाही.
कोपरावर मात्र
नव्या उन्हाचा एक लाल पट्टा,
आणि हातात माझ्यासाठी
भिवंडीच्या वाटेवरचे चार ताडगोळे,
सोलून ठेवलेले,
मऊ, ओले, आतून पांढरे,
उन्हात कधीच न आलेले.