तीन आला की

पडद्यावर आकडे येतील, प्रत्येकाला बटण दाबायचं.
तीन आला की नाही दाबायचं.
एवढंच, म्हणाली डॉक्टरीण.
माझ्या धाकट्या मेव्हणीच्या वयाची असेल.

सात. दाबलं. एक. दाबलं. नऊ.
तीन —
बोट जाऊन आलेलं.
मी मागनं पोचलो,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.

बाहेर बाकावर शमशाद फाइल धरून बसलीय.
माझं सगळं तारीखवार पाठ आहे तिला:
गाडी विकली, कारण गिऱ्हाईक समोर उभं होतं.
बाजारातून सहा शेळ्या आणल्या,
दारात खुंटी एक.
सोसायटीच्या मॅनेजरचा चहा त्याच्याच वहीवर,
आणि दुसऱ्या दिवशी माफी,
मिरज स्टेशनसमोर, इतक्या मोठ्यानं
की तो परत चिडला.

डॉक्टरीण कागदावर एक डोकं काढते,
कपाळाच्या मागं पेन टेकवते.
इथं एक मुकादम असतो, म्हणते,
हात निघाला की विचारतो, कुठं चाललास?
तुमचा जरा उशिरा कामावर येतो.

मला हसू आलं.
तेही मुकादमाला न विचारता.

मी तंबोरे करतो, हे तिला सांगायचं राहिलं.
घोडीवर कानस मारतो, जवारी काढतो.
केसभर हाड गेलं की तार बोलायला लागते,
अजून एक केस गेला की बसली.
हाड काही परत उगवत नाही.

अब्बा मागं बसायचे, भिंतीला टेकून, डोळे मिटून.
मी तार छेडायचो, ते ऐकायचे.
अजून दोन हात.
अजून एक.
बस.
वीस वर्षं त्या ‘बस’वर माझा हात थांबला
आणि मला वाटत राहिलं, मीच थांबतोय.

ते गेल्यापासून बिस्किटाच्या डब्यात
एकवीस घोड्या साठल्यात, वाया गेलेल्या.
शमशादनं मोजल्या. मी नाही.

गेल्या आठवड्यात मात्र, ऐन कामात वीज गेली.
हातातली कानस कुठं ठेवली ते सापडेना.
मेणबत्ती येईपर्यंत करायचं काय,
म्हणून उगाच तार छेडली,
तर ती अंधारात पूर्ण उघडलेली.
मघाशीच झाली होती.
मी पुढचे चार हात मारायला बसलो होतो.

हे चाचणीत धरतात का, माहीत नाही.
हात थांबला नव्हता, कानस हरवली होती.

तीनाला किती वेळा दाबलं, मी विचारलं.
ती म्हणाली, आकड्यांचं सोडा, पुढच्या वेळी
आपण थोडा सराव सुरू करू, तुम्हाला कुठला वार—

चालेल, म्हणालो मी.