रिकामं वजन

मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकाशी
आमचा साठ टनी काटा.
एकतीस वर्षं मी तेच विचारत आले :
गाडी भरलेली की रिकामी?
ड्रायव्हर उतरला का? क्लीनर?
हळदीची भुकटी माझ्या पावतीबुकात,
चष्म्याच्या काडीवर, कानामागं.

आणि बावन्नाव्या वर्षी
विमान शिकायच्या शाळा बघत हिंडले.
नोकरीसाठी नाही.
स्वतःपुरतं लायसन्स.
कृष्णेच्या घाटावर एखादी बाई उतारवयात
कमरेला भोपळा बांधून पाण्यात उतरते, तसं.

महावीर, माझा भाऊ,
भडंगाची मूठ तोंडाशीच थांबवून म्हणाला,
"अक्का, तेवढ्यात दुसरा काटा बसेल."
बसेल. हिशेब बरोबर होता त्याचा,
म्हणून मी काही बोलले नाही.

पहिल्या शाळेला काचेचं दार,
भिंतभर छापलेलं निळं आभाळ.
सगळी फी आजच भरली तर किती सूट
हे टेबलामागच्या पोरानं तीनदा सांगितलं.
विमानं किती? म्हणाला, पाच.
त्यातली उडणारी?
तो माझ्यासाठी पाणी आणायला गेला.

दुसरीकडं विमान देखणं,
पण शिकणारी पोरं सावलीत बसून
तासांऐवजी महिने मोजत होती.
त्यातला अमरावतीकडचा एक हळूच म्हणाला,
"मावशी, इथं शिकवणारे टिकत नाहीत.
मला हे चौथे सर."
माझ्या डब्यातली दोन धपाटी खाल्ली त्यानं,
तिसरं रुमालात बांधून घेतलं.

तिसरी कराडच्या बाजूला.
पत्र्याची शेड, दोनच विमानं,
एकाचं इंजिन बाहेर काढून फडक्यावर मांडलेलं.
मेकॅनिक नायकवडी, कोपरापर्यंत काळे,
म्हणाले, वही बघायची का?
कुणी मागत नाही, पण बघा.
एका पानावर आकडा चुकलेला.
गिरवला नव्हता, खरवडलाही नव्हता.
वरून एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी,
शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख.
अप्पांनी मला काट्यावर बसवलं
त्या दिवशी पहिला धडा हाच दिला होता.
मी वही मिटली. पुन्हा उघडून ती रेघ बघितली.

शिकवणारी तेजल, माझ्या भाचीएवढी.
म्हणाली, "आज नाही नेणार तुम्हाला."
उसाचं पाचट पेटवलेलं कुणीतरी,
धूर खाली बसलेला,
सदाशिवगड अर्धाच दिसत होता.
"अगं, मी सांगलीहून आलेय."
"म्हणून तर," ती म्हणाली,
"तेवढंच परत जायचंय ना."

मग विचारलं, वजन किती?
पासष्ट, मी म्हणाले,
जसे सगळे ट्रकवाले म्हणतात.
तिनं कोपऱ्यातल्या काट्याकडं बोट केलं.
मी पर्स खाली ठेवायला वाकले.
"पर्स घेऊनच उभ्या राहा.
वर जाताना ती खाली ठेवणार आहात का?"
एकाहत्तर.
तिनं लिहिलं. खाली पेट्रोल, खाली स्वतःचं,
मग सांगत बसली, नुसतं किती ते नाही काकू,
कुठं बसलंय तेही बघावं लागतं.
एकतीस वर्षांत हे मला
कुठल्याच गाडीनं सांगितलं नव्हतं.

पहिला हप्ता तेवढा भरला. पावती वाचून घेतली.
दिवेलागणीच्या आत घरी जेवायचं म्हणून
चारची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी यार्ड रिकामं झाल्यावर
आमच्या काट्यावर एकटीच जाऊन उभी राहिले, पर्ससकट.
केबिनच्या काचेतून लाल आकडा : सत्तर.
तो दहाच्या पटीतच मोजतो.
वरचं एक किलो त्याला कधी दिसणारच नाही.

"काय बघतेस गं अक्का?" महावीर दारातून.
मी खाली उतरले.
"शून्य येतंय का नीट, ते."