तपासनीस

बत्तीस वर्षं कदंबाच्या बसमध्ये पास तपासले.
आधी फोटो, मग चेहरा, मग तारीख.
पेन्शन लागली तरी सवय सुटत नाही.
वाळपईला स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात
मी आधी भिंत वाचली.

भिंतीवर देव, देवाखाली कॅलेंडर,
कॅलेंडरमागे अर्धी झाकलेली एक चौकट.
"बाबू, ते जरा सरकव."
पोरानं माझ्याकडं पाहिलं,
आणि अख्खं वर्ष एका बोटानं बाजूला केलं.

राज्य फार्मसी परिषद. नोंदणी क्रमांक. शिक्का.
कुमारी ललन शाबा गांवस. दोन वेण्या,
फोटो उन्हानं विटलेला.
खाली नूतनीकरणाची चिठ्ठी, मुदत चालू.
"ही कुठं आहे?"
"चहाला गेलीय. मी देतो ना गोळ्या."
"ती येऊ दे."

मासळी बाजाराकडच्या दुकानात
असा कधी थांबलो नव्हतो.
तिथं नुसतं नाव घ्यायचं, की पट्टी हातात.
भिंतीवर पंखा होता, बाकी काही नाही.
परवा बायको दुपारी तीनला उठली
आणि पहाट समजून दारात सडा घालू लागली.
तेव्हा कुठं मला ती भिंत आठवली.

ती आली. पांढरा कोट, वेण्यांचा पिकलेला अंबाडा.
बिलावर छापलेलं: सौ. रसिका परवार.
मी चौकटीकडं बोट केलं.
"ती मीच, माहेरची. नावं दोन झाली, काका. नंबर एकच."
आणि डावी भुवई पुढं केली:
फोटोतला व्रण, जागच्या जागी.
चालेल, बसा,
असं अगदी ओठांवर आलं होतं.

मग तिनं हात पुढं केला. "चिठ्ठी?"
आधी पेशंटचं नाव, मग डॉक्टरचा नंबर, मग तारीख.
तिथं बोट थांबलं.
"ही शिगम्यातली आहे."
बाहेर बाजारात चवथीची माटोळी आली होती.
"हिच्यावर मी देणार नाही.
पण गोळी एकदम बंदही करायची नाही.
सरकारी इस्पितळात डॉक्टर एकपर्यंत असतात.
मी फोन करून ठेवते. जा."

ठाण्याच्या चढणीवर, भर पावसात,
पास संपलेला एक पोर मी उतरवला होता.
दप्तर डोक्यावर घेऊन तो चालू लागला,
मी म्हटलं, सोड गाडी.

आज मी पायरी उतरलो,
हातात जुनी चिठ्ठी, खिशात एकही गोळी नाही.
वळून पाहिलं.
पोरानं कॅलेंडर
अजून परत ओढलं नव्हतं.